अपघातानंतरचा पहिला कागद

भोसरी असो, वाळूज असो की बुटीबोरी, औद्योगिक वसाहतीजवळच्या दवाखान्यांना हा प्रसंग ओळखीचा आहे. पॉवर प्रेसवर बोटं गेलेला तरुण कामगार, हाताभोवती रक्ताने भिजलेलं फडकं, आणि सोबत सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस. डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" तरुण वेदनेने अर्धमेला झालेला असतो, म्हणून उत्तर सोबतचा माणूस देतो: "घरी दारात हात सापडला." केसपेपरवर तसंच उतरतं. पोलिसांना कळवायची वेळ येत नाही, कारखान्याच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद होत नाही, आणि पुढे त्या कामगाराला भरपाई मागायची झाली, तर सगळ्यात आधी स्वतःच्याच केसपेपरशी झगडावं लागतं.

हे टाळता येतं. त्यासाठी आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कामावर झालेल्या इजेची भरपाई ही मालकाची मेहेरबानी नाही, आणि ती मिळवण्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढं दाखवलं की मालकाची जबाबदारी सुरू होते. म्हणूनच अशा दाव्यात खरी लढाई "चूक कोणाची" याची नसते. "हा माणूस त्या दिवशी, त्या ठिकाणी, त्यांच्याच कामावर होता का" याची असते. त्याचा पुरावा पहिल्या एक-दोन दिवसांतच तयार होतो, नाहीतर नाहीसा होतो.

मुंबईतल्या गिरणी कामगारांनी अशा भरपाईची मागणी 1884 सालीच केली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्या जोडीने त्यात एक मागणी अशी होती की काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा पंगू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. या मागणीला कायद्याचं रूप यायला चाळीस वर्षं गेली. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. 2010 पासून त्याच्या नावात 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आलं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 च्या सातव्या प्रकरणाने घेतली. चौकट बरीचशी तीच आहे. जुन्या कायद्यातल्या 'आयुक्तां'ना संहितेत 'सक्षम प्राधिकारी' म्हटलं आहे. कोणता कायदा आणि कोणते दर लागू होणार, हे अपघाताच्या तारखेवर ठरतं, दावा कधी लावला त्यावर नाही.

आता दवाखान्याकडे परत. शुद्धीवर असलेल्या कामगाराने, नाहीतर सोबतच्या नातेवाइकाने किंवा सहकाऱ्याने, डॉक्टरांना स्वतः सांगावं: कोणत्या कंपनीत, कोणत्या मशीनवर, किती वाजता, काय करताना लागलं. "कामावर अपघात झालाय, एमएलसी करा," असं स्पष्ट म्हणावं. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद. केसपेपरचा मोबाइलवर लगेच फोटो काढून घ्यावा. चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर दुरुस्तीसाठी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. सहा महिन्यांनी "मला तसं सांगायला लावलं होतं" म्हणणं आणि दुसऱ्याच दिवशी तसा अर्ज देणं यांत न्यायालयाच्या नजरेत फार अंतर असतं.

कामगार तिथे नोकरीला होता, हे दाखवणारी जी चिठ्ठी सापडेल ती जपावी. ठेकेदारीत नेमणूकपत्र बहुधा मिळतच नाही. पण गेटपास असतो, हजेरी कार्ड असतं, बँकेच्या पासबुकात पगाराची नोंद असते, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक असतो, सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर पाठवलेला "उद्या फर्स्ट शिफ्टला ये" हा निरोप असतो. पगार रोखीत मिळत असेल, तर सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि पत्ते लिहून ठेवावेत. परगावचे कामगार काही महिन्यांत दुसरीकडे निघून जातात. साक्षीच्या वेळी त्यांना शोधणं अवघड होऊन बसतं.

मालकाला लेखी कळवणंही तितकंच गरजेचं आहे. नाव, पत्ता, अपघाताची तारीख, ठिकाण, कारण आणि इजा, एवढं साध्या मराठीत लिहिलं तरी नोटीस होते. ती स्पीड पोस्टाने पाठवावी. पावती हाच पुरावा. अपघाताची माहिती मालकाला दुसऱ्या मार्गाने मिळालेली असेल, तर नुसती नोटीस नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. पण ती माहिती मिळाली होती हे सिद्ध करण्यापेक्षा एक पत्र टाकणं सोपं. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे, आणि मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, मात्र त्या भरवशावर कोणी राहू नये.

दावा लावण्याआधी एक फाटा ओलांडावा लागतो, आणि इथे बरेच जण चुकतात. कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे 'ईएसआय'मध्ये असेल, तर भरपाईचा रस्ता तिकडून जातो. त्याच इजेसाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापना आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार, अशी या योजनेची सर्वसाधारण व्याप्ती. ईएसआयमध्ये उपचार मोफत असतात, कामावर जाता येत नाही त्या काळात पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते, कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा लाभ, आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना निवृत्तिवेतन. कामावरच्या इजेच्या लाभासाठी आधी काही महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला, तरी हक्क असतो.

व्यवहारात काय होतं? गुडगाव-मानेसर पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसोबत 'सेफ इन इंडिया' ही संस्था काम करते. 2019 पासून ती 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढते, आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: अनेकांना ईएसआयचं कार्ड मिळालं ते बोटं गेल्यानंतर. म्हणून कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात आपला विमा क्रमांक मागून घ्यावा, आणि तो मिळाला नाही तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारावं. अपघात झाल्यावर मालकाने अपघात अहवाल, म्हणजे फॉर्म 12, भरला का, हेही याच कार्यालयात कळतं. त्यातलं अपघाताचं वर्णन वाचून बघावं. मशीनचं नाव आणि वेळ बरोबर आहे का, एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात.

ईएसआयच्या कक्षेबाहेर मोठा वर्ग आहे: बांधकामावरचे गवंडी आणि बिगारी, ट्रकचे चालक आणि क्लीनर, दहापेक्षा कमी माणसांच्या कार्यशाळा, ट्रॅक्टरवर किंवा मळणीयंत्रावर राबणारे शेतमजूर, वीजवाहिनीच्या खांबावर चढणारे कंत्राटी कामगार. यांच्यासाठी भरपाईचा दावा हाच मार्ग. ठेकेदार पळून गेला किंवा "माझ्याकडे पैसे नाहीत" म्हणाला, म्हणून दावा संपत नाही. ज्याच्या धंद्यासाठी आणि ज्याच्या जागेवर ते काम चाललं होतं, त्या मूळ मालकाकडून भरपाई घेता येते. त्याने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. त्यामुळे दाव्यात ठेकेदार, मूळ मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले करावं.

रकमेचं गणित ऐकायला किचकट वाटतं, पण ते घरी मांडता येतं. तीन गोष्टी लागतात: महिन्याचा पगार, वय आणि इजेचं प्रमाण. 3 जानेवारी 2020 पासून या हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा 15,000 रुपये झाली. त्याआधी ती 8,000 होती. प्रत्येक वयासाठी कायद्याच्या परिशिष्टात एक गुणक दिलेला आहे. वीस वर्षांसाठी तो 224.00, तिशीला 207.98, चाळिशीला 184.17 आणि पन्नाशीला 153.09. मृत्यू झाला तर पगाराच्या 50 टक्क्यांना आणि कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्क्यांना त्या गुणकाने गुणायचं. समजा, तीस वर्षांचा कामगार 15,000 रुपये पगारावर आहे. त्याचा मृत्यू झाला, तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर 9,000 गुणिले 207.98, म्हणजे 18,71,820 रुपये. उपचाराचा खर्च यात धरलेला नाही; तो बिलं दाखवून वेगळा मागायचा असतो. म्हणून औषधाच्या दुकानाची साधी पावतीसुद्धा फेकू नये.

इजा अंशतः कायमची असेल, तर कमाईची क्षमता किती टक्के गेली, तेवढाच भाग मिळतो. ठरावीक इजांचे टक्के परिशिष्टातच छापलेले आहेत. अंगठा पूर्ण गेला तर 30, तर्जनी पूर्ण गेली तर 14, एका हाताची तीन बोटं गेली तर 30 आणि चारही गेली तर 50. वरच्याच उदाहरणात चार बोटं गेली असतील, तर रक्कम होते 9,35,910 रुपये. ज्याला मालकाने पन्नास हजार रुपये देऊन गावाला पाठवलेलं असतं, त्याने हा आकडा एकदा स्वतःच्या वयाने आणि पगाराने मांडून बघावा.

परिशिष्टातला टक्का म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचा 1975 चा एक निकाल, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, अशा दाव्यांमध्ये अजूनही उद्धृत होतो. ओडिशातल्या जेपोर इथे एका चित्रपटगृहाच्या सजावटीचं काम चालू असताना एक सुतार 6 जुलै 1968 रोजी वरून पडला, आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं होतं की एकच हात गेला, म्हणून अपंगत्व अंशतः धरावं. न्यायालयाने विचार केला तो सुतारकामाचा. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची त्या कामातली कमाईची क्षमता पूर्ण गेली, असं धरून शंभर टक्के भरपाई कायम झाली. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे, हेही याच निकालाने स्पष्ट केलं.

याचा धडा अगदी व्यवहारातला आहे. सरकारी रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र शरीराची हानी मोजतं. दाव्यात मात्र कामाची हानी मोजायची असते. चालकाचा पाय, शिवणकाम करणाऱ्या बाईची तर्जनी, वेल्डरचा डोळा यांचं मोल त्या त्या कामावरून ठरतं. कामगार आधी नेमकं काय करत होता, आणि आता त्यातलं काय करू शकत नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीत आणि स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात तपशिलाने यायला हवं. "उजव्या हाताने पकड बसत नाही, पाच किलोचा जॉब उचलता येत नाही," असं एक वाक्य "40 टक्के अपंगत्व" या तीन शब्दांपेक्षा अधिक काम करतं.

हाड मोडून दोन-तीन महिने घरी बसावं लागलं, अशा तात्पुरत्या इजेत दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार, मागता येतो. तीन दिवसांपर्यंतच्या किरकोळ इजेसाठी मात्र भरपाई नाही. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस यांसारखे कामामुळे जडणारे आजारही या कायद्यात अपघातासारखेच धरले जातात.

"त्याचीच चूक होती" हे उत्तर मालकाकडून हमखास येतं. निष्काळजीपणा हा बचाव होत नाही. कामगार नशेत असणं, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणं, एवढ्याच कारणांनी आणि तीही इजेशी थेट जोडलेली असतील तरच, भरपाई नाकारता येते. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर हीदेखील कारणं चालत नाहीत. प्रेसचा सेन्सर उत्पादन वाढवण्यासाठी सुपरवायझरनेच बंद केला असेल, तर ते जबाबात जरूर सांगावं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार केली, तर त्यांच्या निरीक्षकाचा अहवाल पुढे दाव्यात कामाला येतो.

रस्त्यावरच्या अपघाताबाबत 2025 मध्ये एक मोलाचा निकाल लागला, तोही महाराष्ट्रातल्या एका कुटुंबाच्या लढ्यातून. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघात झाला, आणि तो गेला. आयुक्तांनी 3,26,140 रुपये आणि त्यावर 12 टक्के व्याज मंजूर केलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये ते रद्द केलं, कारण अपघात कामाच्या जागी झाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 29 जुलै 2025 रोजी आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल, तर कामाच्या ओघातलाच मानायचा, असा त्याचा अर्थ. नव्या संहितेत तर हे शब्दांतच लिहिलेलं आहे. त्या कुटुंबाला बावीस वर्षं वाट पाहावी लागली, ही गोष्ट मात्र मनाला लागते. वाटेत अपघात झाला असेल, तर पाळीचा तक्ता आणि घटनास्थळाचा पंचनामा ताबडतोब मिळवावा. वाहन अपघातात मोटार अपघात दावा प्राधिकरणाचाही पर्याय असतो. दोन्हींपैकी एकच निवडता येतो, त्यामुळे कुठे अधिक मिळेल याचा हिशेब आधी करावा.

आता समझोत्याविषयी. अपघातानंतर आठवड्याभरात ठेकेदार घरी येतो, काही रोख रक्कम देतो आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागतो. कोऱ्या कागदावर सही करू नये. पैसे घेतले, तर किती आणि कशासाठी, हे लिहूनच घ्यावे. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने निरर्थक ठरतो. मृत्यूच्या दाव्यात तर भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, मोजक्या आगाऊ रकमेचा अपवाद सोडता. आणखी एक गोष्ट ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी लक्षात ठेवावी: घेतलेली उचल भरपाईतून वळती करता येत नाही. सावकार किंवा बँक यांनाही या रकमेवर जप्ती आणता येत नाही.

दावा कुठे लावायचा, याला तीन पर्याय आहेत: अपघात झाला ती जागा, मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असलेली जागा, किंवा दावेदार राहतो ती जागा. बीडच्या मजुराचा अपघात कर्नाटकात झाला, तरी त्याची विधवा बीडमध्ये दावा लावू शकते. महाराष्ट्रात आजवर कुठे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, तर कुठे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर हे आयुक्त म्हणून काम पाहत आले आहेत. आपल्या जिल्ह्यात सध्या कोणाकडे अर्ज जातो, हे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावं. अर्जासोबत केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बिलं, नोकरीचा आणि पगाराचा पुरावा, वयाचा दाखला, पोलिसांचे कागद आणि नोटिशीची पावती जोडावी. वयाचा दाखला विसरू नये; गुणक त्यावरच ठरतो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल, तर मंडळाची मदत वेगळी मिळते. कामावर मृत्यू झालेल्या नोंदीत कामगाराच्या वारसांना महाराष्ट्रात पाच लाख रुपयांची योजना आहे, आणि ती घेतल्याने मालकावरचा दावा कमी होत नाही.

मालकाने महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर जुन्या कायद्यात 12 टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड बसतो. दंडाची तरतूद संहितेतही आहे. अर्जात व्याज आणि दंड यांची मागणी वेगळी लिहावी, न मागितल्यास ती सहज निसटते. विमा असला तरी दंड मालकाच्याच खिशातून जातो. निकालाविरुद्ध मालकाला उच्च न्यायालयात जायचं असेल, तर आधी सगळी रक्कम जमा करावी लागते.

वकिलाच्या फीची चिंता अनेकांना दारातच अडवते. औद्योगिक कामगार, महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. भरपाईतला ठरावीक टक्का मागणाऱ्या मध्यस्थाला होकार देण्याआधी हा एक फोन नक्की करावा.